सतराव्या खिळ्याची जबानी

मॉन्टेरी, ४ मे १९८१

सारो,

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे पाकीट फोडल्यावर कोड्यात पडायला नको. मी प्रोव्हिदेन्त्सा. चर्चच्या वरच्या गल्लीत, निळ्या दाराच्या घरात राहते. वय एक्याऐंशी. तुझ्या आईला मी जन्म दिला आणि ती गेल्यावर तुला आणि तुझ्या बहिणीला, नुन्त्सियाला, मीच वाढवलं. तुझ्या डाव्या गुडघ्यावर जो व्रण आहे तो माझ्या परसातल्या अंजिरावरून पडल्याचा आहे. पाहा, काही आठवतंय का. सिएटलला पाऊस फार असतो म्हणे, डोक्यातलं वाहून जात असेल.

अक्षर शेजारच्या निन्फाचं आहे. मला लिहिता येत नाही हे तू विसरला नसशील, त्यावरून सगळ्यात जास्त तूच हसायचास. नुन्त्सियाने लिहून दिलं असतं, पण हे पत्र तिच्यापासून लपवून आहे. आणि निन्फा म्हणते, "दोन्ना प्रोव्हिदेन्त्सा, जरा हळू सांगा, मला हात दोन असले तरी लिहिणारा एकच आहे." तेही लिही म्हटलं.

तर मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात नुन्त्सिया एक मासिक घेऊन आली. त्यात तुझा फोटो. केस वाढवलेस, चांगलं दिसत नाही. खाली लिहिलंय म्हणे, की सिएटलच्या या तरुणाने लहान यंत्रांसाठी नवा मुकादम चार महिन्यांत एकट्याने लिहिला. मासिकात मुकादम हा शब्द नाही, ते ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मुकादम मी म्हणते, कारण मला तेवढंच कळतं. मी एकवीस वर्षं डबेबंद मासळीच्या कारखान्यांत काढली. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा, पट्टे वेगळे, कात्र्या वेगळ्या. पण मुकादमीण तुत्सा सोबत असली की आम्ही बायका कुठल्याही कारखान्यात उभ्या राहायचो. कुठली कळ दाबायची ते तिने बघावं, आम्ही मासे कापावे. नुन्त्सियाने यंत्रात तेच केलं. आधी यंत्र बदललं की सगळं लिखाण पहिल्यापासून करावं लागायचं. तिने मधे मुकादम बसवला. माझ्याच मागच्या पडवीत, माझ्याच टेबलावर. तूही होतास तिथे. माझं टेबल चार वर्षं अडवून ठेवलंत, कणीक मी मांडीवर मळली.

मासिक पाहून तिने कुठूनतरी तुझ्या मुकादमाची तबकडी, ती फ्लॉपी म्हणतात ती, मिळवली आणि आपल्या यंत्रात घातली. मग तीन दिवस ती जेवायला आली नाही. चौथ्या दिवशी आली, सूप प्यायली, म्हणाली, "नन्ना, त्याने माझं उचललंय." आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. बहिणीला पत्र लिही आणि कुठून घेतलंस ते तिला सांग. छापून आणू नकोस, न्यायाधीशाला सांगू नकोस. तिला सांग. एवढं झालं तर वकील घरी जाईल. हो, तिने वकील केला आहे.

नन्ना


मॉन्टेरी, ९ जून

सारो,

पोस्टकार्ड मिळालं. त्यावर उंच खांब आहे आणि खांबाच्या डोक्यावर ताटली. मागे तू लिहिलंस, "इकडे हवा बरी आहे, काम फार, काळजी घे." निन्फाने दोनदा वाचून दाखवलं, म्हटलं मधे काही गळलं असेल. गळलं नव्हतं. हवेबद्दल मी विचारलं होतं का?

मग मी फोन लावला. म्हणजे निन्फाने लावला. तुमच्या कचेरीतल्या मुलीने विचारलं, कशासंबंधी बोलायचंय. निन्फाने मला विचारलं. मी म्हटलं, सांग तिला, बाप्तिस्म्यासंबंधी. मुलगी म्हणाली, साहेब बैठकीत आहेत. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा बैठक. इतकं बसून माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे, अंजिराचा काढा घेत जा.

आता ऐक, प्रकरण कुठवर आलंय. तुझ्या कंपनीचं उत्तर आलं. ते म्हणतात, आमचा मुकादम बाहेरून नुन्त्सियाच्या मुकादमासारखा बोलतो हे खरं, पण ते गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी. जुनं लिखाण नव्या यंत्रावर चालावं म्हणून हुकमांची नावं तीच ठेवली. आतलं सगळं ताजं. नुन्त्सियाचा वकील ब्रॅडशॉ, लाल गळ्याचा, कायम घामेजलेला, तोही म्हणाला की हे खोडून काढणं अवघड आहे.

मग नुन्त्सियाने त्याला सतरावी जागा दाखवली.

तुला हे सांगायची गरज नाही, पण निन्फाला कळावं म्हणून सांगते, नाहीतर ती लिहायची थांबते. तबकडीवर नावांची एक यादी असते, कुठली वस्तू कुठे ठेवली त्याची. नुन्त्सियाच्या यादीत सोळा नावं झाली की सतरावी जागा कोरी राहते, मग अठरावी. यंत्राला त्याची काही गरज नाही. बाहेरून ते दिसतही नाही आणि कुठल्या लिखाणाला त्याचा उपयोग नाही. तिच्या कचेरीतली पोरं तिला त्यावरून चिडवतात. ती जागा तिने माझ्या कोठीच्या दारावरून घेतली.

मला बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत, म्हणून दारामागे खिळ्यांच्या ओळी आहेत. प्रत्येक खिळ्यावर खाचा पाडलेलं एक बूच. खिळा सांगतो कुठलं फडताळ, खाचा सांगतात काय आहे. केपरच्या कळ्या, मिठातली मासळी, उन्हात आटवलेला टोमॅटो. बरणी संपत आली की मी ती धूत बसत नाही, नुसतं बूच काढते. नवीन काही भरेपर्यंत बरणी तशीच. नुन्त्सिया सात वर्षांची असताना ओरडायची, "नन्ना, आत अजून आहे की!" मी म्हणायचे, खिळ्यावर बूच नाही, म्हणजे नाही. पुढे तिच्या मुकादमानेही तेच केलं. पुसायला सांगितलं तर फक्त नाव काढायचं, माल तसाच ठेवायचा. त्यामुळे कितीतरी लोकांचं चुकून पुसलेलं काम परत मिळालं. एका डॉक्टरने तिला हॅम पाठवलं होतं.

आणि सतरावा खिळा मी कधी वापरत नाही. आमच्या मारेत्तिमो बेटावर सतरा हा आकडा अशुभ, सतराव्या वल्ह्यावर कोणी बसत नसे. खिळा ठोकायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही, आणि मोकळा सोडायचा. अरिष्टाला टेकायला जागा लागते. जागा नसली की ते तुमच्या खुर्चीत बसतं.

तुझ्या तबकडीवरही सतरावी जागा कोरी आहे, सारो.

पोस्टकार्ड पाठवू नकोस. पत्र पाठव.

नन्ना


मॉन्टेरी, १४ जुलै

सारो,

अखेर पत्र आलं. तीन ओळींचं. "नन्ना, मीही तुझ्याच कोठीत वाढलो. सतरा माझ्याही रक्तात आहे. हात आपोआप ती जागा सोडतो, त्यात चोरी कसली?"

निन्फा म्हणाली, "बिचारा. खरंच असेल हो." ब्रॅडशॉलाही तुझ्या वकिलाकडून हेच कळलं होतं. तो माझ्या स्वयंपाकघरात बसून रुमालाने मान पुसत म्हणाला, "बाई, एका घरात वाढलेल्या दोघांना तीच खोड असू शकते. यावर न्यायाधीश काय म्हणणार?" मी त्याच्यापुढे शेवया ठेवल्या आणि गप्प राहिले. मी गप्प राहिले हे तुला कळावं म्हणून सांगते. माझ्या आयुष्यात हे किती वेळा घडलंय तुला ठाऊक आहे.

रक्तात म्हणे. लेका, तू नऊ वर्षांचा असताना त्या खिळ्यावर आपली टोपी टांगलीस. मुद्दाम. मी काढली की परत टांगायचास. म्हणायचास, "बघू काय होतंय ते." काही झालं नाही. उलट त्या साली मासळी बरी लागली. वर्षभर माझी पाठ सोडली नाहीस. पाव कापताना म्हणायचास, "नन्ना, सतरा तुकडे कर." माझ्या वाढदिवसाला सतरा फुलं आणलीस, मी एक खिडकीतून टाकलं, तू जाऊन उचलून आणलंस. नुन्त्सिया रडायची. तिला खरंच भीती वाटायची, अजून वाटते. तू या घरातला एकच माणूस की ज्याने ती जागा कधी मोकळी सोडली नसती. तू स्वतःच्या हाताने यादी लिहिली असतीस, तर सगळ्यात आधी सतराव्या जागेवर काहीतरी टांगलं असतंस, मला चिडवायला.

म्हणजे तू लिहिली नाहीस. घाई होती, चार महिने हातात होते, उचललीस आणि पुढे गेलास. काय उचललं ते नीट पाहिलंही नाहीस. मला राग चोरीचा कमी आहे. न बघता उचललंस याचा जास्त आहे.

ही टोपीची गोष्ट फक्त तीन माणसांना माहीत होती. नुन्त्सिया लहान होती, तिला फुलं आठवतात, टोपी आठवत नाही. राहिलो तू आणि मी. आणि आता निन्फा, पण ती शपथ घेऊन बसली आहे.

ब्रॅडशॉने ठरवलंय की माझी जबानी घ्यायची. खिळ्यांबद्दल. सहा ऑगस्टला, त्याच्या कचेरीत. तुमचा वकील समोर असणार आणि तो विचारणारच, की नातवालाही हीच सवय होती ना? सान्ता रोसालियाच्या शपथेवर मला काय सांगावं लागेल ते तुला कळतंय. खरं सांगितलं तर तू कागदोपत्री चोर होतोस, आणि ती नोकरीही जाते. गप्प बसले तर तुमच्याकडून मुकादम घेणारी ती यंत्रांची थोरली कंपनी आपल्या नव्या यंत्राबरोबर तुझा मुकादम घरोघर देणार आणि नुन्त्सियाची अकरा माणसं घरी बसणार.

एक्याऐंशीव्या वर्षी मला या दोन दारांच्या मधे उभं करू नकोस. सहा ऑगस्टच्या आधी फोन उचल आणि बहिणीला तूच सांग. मला सांगायची वेळ आणू नकोस.

नन्ना


मॉन्टेरी, ७ ऑगस्ट

सारो,

तू फोन केला नाहीस.

काल गेले. काळा पोशाख घातला, निन्फाने हाताला धरून नेलं. दुभाष्या सॅन होजेहून आणला होता, मिलानकडचा गोरागोमटा. मी एक बोलायचे, तो ऐकून नाक फेंदारायचा आणि मग तिसरंच बोलायचा. शेवटी मी त्याला म्हटलं, बाबा, मी मासळीचं म्हणते तेव्हा मासळीच म्हण, "सागरी उत्पादन" म्हणू नकोस. निन्फाला इंग्रजी येतं, तिने मला सांगितलं. कोपऱ्यात एक बाई बसली होती, ती सगळं टिपत होती. माझा खोकलाही टिपला असणार.

तुमचा वकील सभ्य होता. तरुण, तुझ्याच वयाचा. त्याने खिळ्यांचं सगळं ऐकून घेतलं, हसलाही. मग विचारलं, "आणि नातवालाही हे वळण तुम्हीच लावलंत?"

मी म्हटलं, लावायचा प्रयत्न केला. त्याने त्या खिळ्यावर टोपी टांगली.

त्याला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. टोपी, पाव, फुलं. दुभाष्याने भाषांतर केलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. ब्रॅडशॉने पहिल्यांदाच मान पुसायची थांबवली.

आता पुढचं ऐक. ब्रॅडशॉ म्हणाला, "आभारी आहे बाई, संपलं." मी म्हटलं, संपलं नाही, मी शपथ अर्ध्याची घेतली नव्हती. बसा खाली.

मग मी ते सांगितलं, जे या आधीच्या तीन पत्रांत मी तुला कळवलं नाही. दर वेळी जिभेवर यायचं आणि मी निन्फाला म्हणायचे, कर पाकीट बंद.

सॅन फ्रान्सिस्कोच्या यंत्रांच्या जत्रेसाठी मुकादमाची पहिली पुस्तिका छापायची होती, तेव्हा नुन्त्सिया माझ्याकडे आली होती. म्हणाली, "नन्ना, दोघांची नावं घालू?" मी म्हटलं, तुझंच घाल. तो पुरुष आहे, त्याला नाव कुठेही मिळेल, तुला एकदाच मिळेल. मी कारखान्यात एकवीस वर्षं कापलेल्या माशांच्या डब्यावर कधी बाईचं नाव पाहिलं नव्हतं. डब्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण चित्र कोणाचं ते दिसतं. मिशीवाला कोळी. म्हणून तसं बोलले.

आणि तिच्या मोठ्या मुकादमाखालचा तो धाकटा तुकडा, जो प्रत्येक यंत्राला वेगळा लिहावा लागतो, तो तू लिहिलास. चाळीस यंत्रांचे चाळीस. गावोगाव जाऊन, लोकांच्या गराजांत वाकून बसून. त्याच्याशिवाय तिचा मुकादम एकाही कारखान्यात पाऊल ठेवू शकला नसता. जत्रेच्या दिवशी मी सगळ्यांना म्हणत होते, ही माझी नुन्त्सिया, हिने केलं. आणि तुला म्हटलं, सारो, खुर्च्या आण. तू खुर्च्या आणल्यास. पुढच्या महिन्यात सिएटलला गेलास.

हे मी बोलले आणि त्या बाईने टिपलं. ब्रॅडशॉ लालभडक झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुम्ही आपलीच बाजू कापलीत." मी म्हटलं, मी मासे दोन्ही बाजूंनी कापते, नाहीतर काटा राहतो. खाली सहीच्या जागी फुली मारली. फुली सरळ आली.

घरी येऊन मात्र कोठीत जाऊन बसले. तुझ्यावर इतकी चिडले होते की एक बरणी फोडली. रिकामी होती.

नन्ना


मॉन्टेरी, ८ सप्टेंबर

सारो,

सान्ता रोसालियाचा उत्सव झाला. बिशपने बोटींना आशीर्वाद दिला. आता बोटी आठ आणि आशीर्वाद तेवढाच लांब. तुझी वाट पाहिली नाही असं मी निन्फाला सांगितलं. ती म्हणाली, मग ताट का वाढून ठेवलंत? मी म्हटलं, मांजराला.

दावा मिटला. माझ्या जबानीनंतर कोणत्याच बाजूला न्यायाधीशापुढे जायची हौस राहिली नाही. थोरली कंपनी म्हणाली, आम्ही दोन्ही मुकादम विकायला ठेवतो, गिऱ्हाईक हवा तो घेईल. आणि मग नुन्त्सियाच्या मुकादमाची किंमत तुझ्याच्या सहापट लावली. धक्क्यावर अशा दोन टोपल्या मी पुष्कळ पाहिल्यात. एकीकडे कोणी फिरकत नाही, आणि संध्याकाळी मालक म्हणतो, बघा, आम्ही तर ठेवली होती. नुन्त्सियाला हे कळत होतं. तरी तिने सही केली. अकरा माणसं आहेत म्हणाली. त्यांतली चार गेल्या आठवड्यात तुमच्याच गावाकडे गेली, जास्त पगारावर. मी त्यांच्यासाठी पाच वर्षं बिस्किटं भाजत होते.

मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडेल, जत्रेच्या पुस्तिकेबद्दल. ती आली, टेबलाशी बसली आणि नवी पुस्तिका पुढे ठेवली. म्हणाली, "वाच." मी म्हटलं, चेष्टा करतेस? तेव्हा तिने माझं बोट धरून दोन ओळींवरून फिरवलं. वरची तिच्या नावाची. खालची तुझ्या.

"भाऊ आहे म्हणून नाही घातलं," ती म्हणाली. "खरं आहे म्हणून घातलं. चाळीस यंत्रं त्याची आहेत. यादी माझी आहे. तो हे म्हणेपर्यंत त्याने इथे पाऊल ठेवायचं नाही."

"आणि म्हणाला तर?"

"तर बघू," ती म्हणाली. आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

गेल्या रविवारी निन्फाकडे फोन आला आणि पलीकडे कोणी बोलेना. तिने मला बोलावलं. मी कानाला लावला. तू होतास. नाकाने श्वास घेताना तुझी अजून शिट्टी वाजते, लहानपणी डॉक्टरला दाखवू म्हटलं तर पळालास. मी काही बोलले नाही, तूही नाही. मग ठेवलास. मी त्याचं काय करू, सारो? श्वास काही नुन्त्सियाला दाखवता येत नाही.

बोलणं तुला जमत नाही हे मी आता मान्य करते. तेव्हा जमेल असं सांगते. तुमच्याकडे या महिन्यात लांबट जांभळे आलुबुखार निघतात, इकडे मिळतात त्यांना चव नाही. त्यांची एक पेटी पाठव. दुकानदाराला सांगून परभारे पाठवायची नाही. स्वतः बाजारात उभा राहा आणि एकेक दाबून निवड. वाळवलेले नकोत, मुरंबा नको. पेटीवर नुन्त्सियाचं नाव घाल, पूर्ण, आणि पाठवणाऱ्याच्या जागी तुझं, तुझ्या हाताने. आत एक कागद ठेव आणि त्यावर लिही, यादी तुझी आहे. बाकी काही लिहू नकोस, हवेबद्दल तर नाहीच. आणि पिकलेले घेऊ नकोस, वाटेत फुटतील आणि कागद भिजेल. जरा कच्चेच भर, इथे खिडकीत पिकतील.

नन्ना